देखाव्यातली पालथी बाई

माझ्या बहिणीला ज्याने मारलं त्याच्याबद्दल मला आता भरपूर माहिती आहे. लहानपणी त्याला घरात कोंडून ठेवायचे. त्याला बासरी वाजवता यायची. त्याच्यावरच्या एका पुस्तकात त्याला पावसाची भीती वाटते, दुसऱ्यात पाऊस आवडतो. त्याने मारलेल्या सगळ्या बायकांना मिळून दोन्ही पुस्तकांत जेवढी जागा मिळाली नाही, तेवढी त्याच्या बासरीला मिळाली आहे.

माझी ताई रोह्याहून पेणला गणपतीच्या कारखान्यात जायची. ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते कोणाच्याही हातात देत नाहीत. वरच्या पापणीची रेघ ताई टोकाला किंचित खाली आणायची, त्यामुळे देव नुकताच झोपेतून उठून आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. नवीन मुलींनाही तिने तीच रेघ शिकवली. मुंबईत मोठ्या कारखान्यात कायमचं काम लावून देतो, असं सांगून त्या माणसाने तिला नेलं. इतर बायकांनाही त्याने असंच काहीबाही सांगून नेलं होतं. तो पकडला गेला, त्याला शिक्षा झाली. आम्हाला वाटलं, आता संपलं.

संपतंय कसलं! आधी टीव्हीवर गुन्ह्यांच्या कार्यक्रमात भाग आला. त्यातली ताई लाल ओढणी घेऊन त्याच्या मोटारसायकलवर मागे बसते आणि हसत हसत जाते. मग सिनेमा आला. त्यात ती म्हणजे खाडीच्या चिखलातून वर आलेला एक हात, बांगड्यांसकट. पुढे मोबाइलवर मालिका आली, ती तर सगळी त्याचीच. कोर्टात मी त्याला पाहिलाय. बुटका, डोक्यावरचे केस गेलेला, सारखं नाक पुसणारा माणूस. मालिकेत तो उंच आणि देखणा, खिडकीत उभा राहून विचार करतो. आमच्या शेजारची मुलगी विरजण मागायला आली होती, ती म्हणाली, ‘काकू, वाईट आहे हो, पण दिसतो काय!’ मी तिच्या हातात विरजण दिलं आणि दार लावून घेतलं.

आई मात्र टीव्हीवरचा तो भाग लागला की बघायची. बंद केला तर रुसायची. एकदा तिने मला विचारलं, ‘ती हसत गेली व्हती काय गो?’

‘आये, ती ताई नाय. नटी हाय ती.’

‘व्हय,’ म्हणाली आणि पुन्हा बघत बसली.

पुढे एकदा कोणी पाहुणी आली, तर आई तिला सांगायला लागली, आमच्या पोरीला लाल ओढणी काय शोभायची. ताईने जन्मात लाल ओढणी घेतली नाही. रंगाचे डाग दिसू नयेत म्हणून ती कायम काळी घ्यायची. मी कपाटातून ताईचा फोटो काढून आईपुढे धरला. आईने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. ‘ही बारीक हाय,’ म्हणाली. ‘आपली भरल्या अंगाची व्हती.’ भरल्या अंगाची ती नटी होती. त्या माणसाने ताईला घरातून नेलं, आणि आता ही मंडळी तिला आईच्या डोक्यातूनही नेत होती.

त्याच वर्षी रोह्यातल्या एका मंडळाने गणपतीत बायकांच्या सुरक्षेचा देखावा करायचं ठरवलं. मालिका गाजत होती, तेव्हा विषय आयताच मिळाला. हातात दोरी घेतलेला तो उभा, पायाशी एक बाई. पुतळ्यांची ऑर्डर ताईच्याच कारखान्यात आली. कारखान्याच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी मला बोलावून घेतलं. ‘तू नको म्हण, मी आत्ता नाय सांगतो त्यांना.’

मी नको म्हटलं नाही. मी म्हटलं, ‘काका, त्या बाईला ताईचा चेहरा द्या. आईला एकदा दाखवायचाय.’

काकांनी दिला. हनुवटीवरचा तीळसुद्धा विसरले नाहीत. ताईच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने आखणी केली, बाईची आणि त्याचीही, कारण डोळे काढल्याशिवाय त्या कारखान्यातून काहीच बाहेर जात नाही. त्याला चेहरा नटाचा होता. मंडळाने तोच फोटो पाठवला होता. खरा माणूस कोणी ओळखलाच नसता. मी ताईच्या गालाला हात लावला. ओला रंग बोटाला लागला आणि मला रडू आवरेना.

गणपती बसल्यावर दुसऱ्या संध्याकाळी आईला रिक्षाने मंडपात घेऊन गेले. रांग मोठी होती. पोरं त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढत होती. बाई पालथी पडलेली होती. नुसती पाठ आणि पसरलेले केस.

मी कार्यकर्त्याला गाठलं. तो ओशाळला. ‘डोळे उघडे होते ना तिचे. लहान पोरं बघून रडायला लागली, म्हणून फिरवली.’

‘मग आता सरळ करा.’

‘नाय जमायचं आता. खालनं लाइटच्या वायरी नेल्यात. विसर्जनानंतर बघू.’

विसर्जनानंतर कोण बघणार होतं? मी मागे वळले तर आईने चष्मा लावला होता. पालथ्या बाईकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या पुतळ्यापुढे उभी होती, मान वर करून, आणि तिने हात जोडले होते.

‘आये, चल. देव तिकडं हाय.’

‘थांब गो,’ आई म्हणाली. ‘हे डोळं आपल्या पोरीचं हायत. तिच्या हातचं.’

मी वर पाहिलं. पापणीची रेघ टोकाला किंचित खाली आली होती. कितीतरी दिवसांनी आईने ताईला बरोबर ओळखलं होतं.