तालमीत वाचलेलं पत्रक

तालमीच्या तांबड्या मातीचा तेलकट वास आला की आजही माझी मान खाली जाते. आईच्या अंगात रक्त कमी, म्हणून तालमीचे वस्ताद असलेले माझे वडील, आप्पा, घरात स्वतःच्या नसबंदीला तयार झाले होते. पण कुटुंबनियोजनाची पत्रकं वाटत वाढलेल्या मला अख्खी तालीम शहाणी करायची होती. मी तिथंच, आप्पांसमोर, पत्रक मोठ्यानं वाचलं, "फक्त बीज नेणारी नळी कापून बांधतात. वीर्य येतंच, ताकद जात नाही."

"मग वस्ताद, कधी बांधताय?" पैलवान आप्पांना हसले.

आप्पांनी लंगोट आवळला. "आमच्यात बायका जात्यात."

आठवड्यानं आई नसबंदी शिबिराच्या जीपमधून पोट धरून उतरली. माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "तुझं खरं हुतं रं. पर चारचौघांत कशाला वाचलंस?"