रिजेक्शनमामांचा मॅटिनी शो

एका रविवारी रिजेक्शनमामांना सिनेमाचं तिकीट मिळालं नाही. तो सिनेमा आमच्या ग्रुपमधल्या एका फिटरने शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये बसून रचला होता. तो कुणी काढलेला नव्हता, कुठे लागलेला नव्हता आणि त्याची गोष्ट एकूण साडेसात ओळींची होती. तरी सोमवारी सकाळी ग्रुपवर मामांचा मेसेज आला : "काल हाऊसफुल्ल होता. खिडकीपासून परत आलो. परीक्षण पुढच्या सोमवारी." फिटर दिवसभर छाती काढून हिंडत होता. जन्मात त्याचं काहीही हाऊसफुल्ल झालेलं नव्हतं.

हा ग्रुप बसमध्येच जन्माला आला. काळेवाडीहून चाकणला जाणारी आमची बस मोशीच्या पुढे गेली की चालायची कमी आणि उभी राहायची जास्त. एकदा अशाच उभ्या बसमध्ये कुणीतरी एका सिनेमाची गोष्ट रंगवून सांगितली. सगळ्यांनी कान देऊन ऐकली आणि कंपनीच्या गेटवर उतरताना कळलं की असा सिनेमाच नाही. रागावण्याऐवजी आम्हाला ते फार आवडलं. त्याच दिवशी फोनवर 'न निघालेले सिनेमे' हा ग्रुप तयार झाला. नियम दोनच होते. एकाने सिनेमा रचायचा आणि बाकीच्यांनी तो पाहिल्यासारखं परीक्षण लिहायचं. पुढे भोसरीतले, तळवड्याचे लोकही येऊन मिळाले. आमची परीक्षणं म्हणजे "एकदम कडक, भावा" किंवा नुसता अंगठा. खरं परीक्षण लिहिणारा माणूस एकच होता.

मामा आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. त्याआधीची तीस वर्षं त्यांनी भोसरीतल्या वर्कशॉपांमध्ये पार्ट तपासण्यात घालवली होती. पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी लाल खडू, आणि समोरच्या माणसाकडेही त्याला कुठे तडा गेलाय का अशा नजरेने बघायची सवय. ते ज्या पार्टवर लाल रेघ मारत, तो पुढे जात नसे. मग साहेब ओरडो की गाडी खोळंबो. त्यावरून त्यांचं नाव पडलं रिजेक्शनमामा. त्यांना ते नाव ठाऊक होतं आणि अर्धंच मान्य होतं. "मी चुका काढत नाही," ते म्हणायचे. "चुका असतात. मी फक्त खडू लावतो."

सिनेमालाही ते तसाच खडू लावायचे. "तिसऱ्या गाण्यात नायिकेच्या डाव्या कानातलं नाही. चौथ्यात आहे." ज्याने सिनेमा रचला त्याने गाणंच टाकलेलं नसायचं, कानातलं तर लांबच. तळवड्याच्या आयटीतल्या एका जणाने मामांची जिरवायची म्हणून अडीच तास नुसता पांढरा पडदा दिसतो असा सिनेमा टाकला. मामांनी लिहिलं : "पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात डाग आहे. इंटरव्हलनंतर वाढतो." त्या मुलाने मग ग्रुपवर काही टाकायच्या आधी चार वेळा वाचायची सवय लावून घेतली.

आम्हाला वाटायचं, मामा हे सगळं बसमध्ये डुलक्या घेता घेता लिहितात. एकदा रविवारी दुपारी काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा खरा प्रकार कळला. दार मामींनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत खिडकीचा पडदा ओढलेला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते. मी दबकत पुढे गेले तर ते हळूच म्हणाले, "वैशाली, खाली वाक. मागच्यांना दिसत नाही."

मागे फ्रिज होता. मी वाकले.

"दर रविवारी तीन ते सहा," मामी स्वयंपाकघरात कुजबुजल्या. "मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा नाही. साडेचारला इंटरव्हल. तेव्हा बटाटेवडा लागतो." साडेचारला मामा खरोखरच बाहेर आले, गॅलरीत उभं राहून वडा खाल्ला, कागदांवर सह्या केल्या आणि मला म्हणाले, "पहिला भाग सैल आहे. बघू पुढे." मी म्हटलं, "मामा, गोष्ट तर चारच ओळींची आहे. एवढं दिसतं कसं?" ते चकित झाले. "गोष्ट चार ओळींची असेल. सिनेमा तीन तासांचा आहे ना?"

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते दत्तूशी. दत्तू चाकणजवळच्या एका गावचा. त्याच्या घरची जमीन कंपन्यांत गेली, बिऱ्हाड काळेवाडीला आलं आणि आता तो त्याच जमिनीवर फोर्कलिफ्ट चालवतो. त्याने एक सिनेमा रचला : गावच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत आहे, नायकाचे बैल विकले गेलेत, म्हणून तो शर्यतीला फोर्कलिफ्ट घेऊन उतरतो. फोर्कलिफ्ट इतकी हळू की शर्यत चार दिवस चालते. गावाला वाटतं मधेच निघून जावं कसं, म्हणून चारही दिवस शिट्ट्या मारत सगळे उभे. आम्ही पोट धरून हसलो. सोमवारी मामांचं परीक्षण आलं : "शर्यत ठीक. विहीर उत्तम. कठडा एका बाजूने ढासळलेला आहे, तो भाग लक्षात राहतो."

"मामा, माझ्या शिनेमात विहीर न्हाई," दत्तूने लिहिलं.

"आहे."

"अवो, मी बनवलाय!"

"तू बनवलास. मी पाहिलाय."

तीन दिवस हेच चाललं. ग्रुपमध्ये विहीरवाले आणि बिनविहीरवाले असे दोन तट पडले. बसमध्ये लोक जागा बदलून बसू लागले. कॅन्टीनमध्ये बिनविहीरवाल्यांनी विहीरवाल्यांना ताकाचा जग द्यायचं बंद केलं. शेवटी दत्तू मामांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "कशावरनं म्हनताय तुमी?"

मामांनी जेवण थांबवलं. "तुझा नायक चार दिवसांत तीनदा अंघोळ करतो. तूच लिहिलंयस. गावात नळ दाखवलेला नाहीस. नदी नाही. मग पाणी कुठून येतं? दिसलं ते लिहिलं."

दत्तू निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज होता : "विहीर व्हती. आमच्या आज्यानं खांदलेली. आता त्याच्यावर कंपनीचं पेंट शॉप हाय. कठडा ढासळलेला व्हता, त्ये बी बरोबर हाय." त्यावर कुणी अंगठासुद्धा टाकला नाही. दुपारी मामांनी उत्तर दिलं, "नोंद घेतली." त्यानंतर दत्तू बसमध्ये मामांच्या शेजारी बसू लागला, आणि त्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवू लागला.

मग माझी पाळी आली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, लातूरकडून इथे आलेली. कंपनीने मला स्टोअरमध्ये टाकलं होतं. तीन वर्षं मी आलेल्या मालाच्या नोंदी करत होते. इन्स्पेक्शनला बदली मिळावी असा अर्ज मी पहिल्याच वर्षी लिहिला होता आणि तो पाकिटात घालून रोज बॅगेतून नेत होते आणि परत आणत होते. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. एक दिवस गंमत म्हणून सिनेमा टाकला : नायिका रोज एक पाकीट घेऊन साहेबांच्या केबिनपाशी जाते, पण साहेब जेवायला बसलेले असतात. सिनेमा संपेपर्यंत साहेबांचं जेवण संपतच नाही.

सोमवारी परीक्षण आलं : "साहेबांचं जेवण उत्कृष्ट. भाकरी गरम वाटते. परंतु पाकिटात काय आहे ते पडद्यावर एकदाही दिसत नाही. प्रेक्षकाला तीन तास नुसतं पाकीट दाखवणं हा दोष आहे. रिजेक्ट नाही. रीवर्क."

दुसऱ्या दिवशी मामांनी दत्तूला मागच्या सीटवर पाठवलं आणि मला शेजारी बोलावलं. "काय लिहिलंय गं त्यात?"

"कशात?"

"पाकिटात."

मी बॅग उघडून पाकीट त्यांच्या हातात दिलं. घड्यांवर कागद मऊ पडला होता आणि एका कोपऱ्याला डब्यातलं तेल लागलं होतं. मामांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग ते म्हणाले, "'कृपया शक्य असल्यास' तीन वेळा आलंय. दोन काढ."

तेवढंच. मी नवा अर्ज लिहिला आणि त्याच आठवड्यात दिला. साहेब जेवत नव्हते, पण ते म्हणाले, "मुली इन्स्पेक्शनला टिकत नाहीत. दिवसभर उभं राहावं लागतं." मामा रिपोर्ट द्यायला आत आले होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवता ठेवता विचारलं, "साहेब, स्टोअरमध्ये ही बसते कशावर? तिथे खुर्ची पाहिल्याचं मला आठवत नाही." साहेबांनाही आठवत नव्हतं. दोन महिन्यांनी माझी बदली झाली.

मामांनी मला आठ महिने शिकवलं. "पार्ट हातात घेतला की आधी त्याच्याकडे नुसतं बघ. मोजायचं नंतर. तो चांगला निघावा अशी इच्छा धरायची नाही, आणि वाईट निघावा अशीही नाही." पहिल्यांदा मी एक अख्खी पेटी रिजेक्ट केली तेव्हा मामांनी त्यातला प्रत्येक पार्ट पुन्हा पाहिला. मला ते दोन तास वर्षाएवढे वाटले. शेवटी त्यांनी खिशातला खडू काढला, मोडून अर्धा केला आणि एक तुकडा मला दिला.

पुढे ते रिटायर झाले. आम्हाला वाटलं, आता रोज एक परीक्षण येणार. पण रविवार तो रविवारच राहिला. "इतर दिवशी सिनेमे बघत बसायला मी काय रिकामटेकडा आहे?" त्यांनी विचारलं.

गेल्या वर्षी एका शनिवारी दत्तूने नवा सिनेमा टाकला. एक वरात चाकणच्या चौकात ट्रॅफिक जाममध्ये अडकते. नवरी समोरच्या बाजूच्या जाममध्ये अडकलेली. दिवस जातात, महिने जातात. बँडवाले तिथेच म्हातारे होतात, घोडीला शिंगरू होतं, करवल्यांची लग्नं होतात, नवरदेवाचं तेवढं होत नाही. लांबी साडेतीन तास. शेवटीही जाम सुटत नाही आणि लग्न लागत नाही. "जाम सुटला तर ती चाकणची ष्टोरीच न्हाई," दत्तू छाती ठोकून सांगत होता.

रविवारी मामा तीन वाजता बसले. साडेचारला इंटरव्हल झालं, त्यांनी वडा खाल्ला, मामींना म्हणाले, "बरा चाललाय," आणि परत आत गेले. सहाला मामींनी चहासाठी हाक मारली. मग पुन्हा मारली. सिनेमा लांबला असेल म्हणून त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. डॉक्टरांनी सांगितलं, साडेपाचच्या सुमारास गेले असावेत. हृदयविकाराचा झटका, झोपेत जावं तसे गेले.

गावाहून आलेल्या पाहुण्यांना मामी सांगत होत्या, "सिनेमा बघत होते." पाहुणे टीव्ही शोधायचे. त्या खोलीत टीव्ही नव्हता. एका पुतण्याने हळूच भिंतीवर हात फिरवून पाहिला.

तेराव्यानंतर मी आणि दत्तू मामींना भेटायला गेलो. दत्तूचे खांदे पडले होते. आपल्या सिनेमाने मामांचा जीव घेतला असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मामींनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशीचा सिनेमा कुठला होता रे?"

"माझा, मामी," दत्तू म्हणाला.

"सांग मला. पहिल्यापासून."

दत्तूने सांगितला. वरात, चौक, बँडवाले, घोडीचं शिंगरू. शिंगरापाशी मामी थोड्या हसल्या, पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "ते साडेपाचला गेले म्हणतात. मग शेवट राहिलाच असेल त्यांचा. आयुष्यात कधी काही अर्धवट सोडलं नाही त्यांनी."

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं.

"न्हाई मामी," तो म्हणाला. "शिनेमा दोन तासांचाच व्हता. इंटरव्हल धरून सव्वापाचला सुटला."

"हो?"

"व्हय."

"लागलं का मग लग्न?"

"लागलं की."

"आणि तो जाम?"

"सुटला, मामी. पार मोशीपर्यंत रस्ता मोकळा. वाऱ्यावानी गेली वरात."

मामींनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, घडी घातली. "मग बघून गेले," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.