पिवळ्या चोचीचा पाहुणा

माझे पती दर हिवाळ्यात लातूरच्या आसपासच्या ज्वारीच्या रानांत एकच पाखरू शोधत. चिमणीच, पण उत्तरेकडून थव्यानं येणाऱ्या उपजातीची. आपल्या घरचिमणीहून किंचित मोठी, पाठीवर जरा जास्त तांबूस. नुसत्या नजरेनं वेगळी काढणं अवघडच. एक खूण त्यांनी मला सांगून ठेवली होती. होळीच्या सुमारास आपल्याकडच्या नरांच्या चोची काळ्या झालेल्या असतात. त्या दिवसांत एखाद्याची चोच अजून पिवळसर दिसली, तर थांबून बघायचं. तो पाहुणा असू शकतो. त्यांना तो कधीच भेटला नाही.

ते गेल्यानंतरची पहिली होळी झाली आणि नांदेडहून धाकट्या नणंदेचा फोन आला.

“वहिनी, दादाची चिमणी आली बघा! चोच पिवळी हाय. लौकर या.”

त्यांची दुर्बीण पिशवीत घालून मी सकाळची एसटी धरली. वाटभर एकच धास्ती होती. आजवर मी फक्त “ही कोणती?” एवढं विचारत आले होते. आता हो की नाही, हे मलाच सांगायचं होतं.

नणंदेच्या गच्चीसमोर हळदीच्या व्यापाऱ्याचं आवार आहे. वाळलेली हळकुंडं पॉलिश करायचा ढोल घरघरत होता. समोरच्या तारेवर तो बसला होता. चोच खरंच पिवळी. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

“हाय ना तीच?”

“थांब जरा.”

“थांबून काय, उडंल की ते!”

मी चोच सोडून दिली आणि डोक्यापासून बघत आले. माथा राखी. एक गाल पांढरा, दुसरा मात्र पिवळा. गळ्याखालच्या काळ्या डागावरही पिवळी झाक. पिसं अशी एकाच अंगानं रंगत नाहीत. तेवढ्यात त्यानं चोच तारेवर घासली, आधी इकडून, मग तिकडून, आणि आतून काळीभोर चोच निघाली. मग खाली उतरून ढोलाशेजारच्या भुकटीत तो मनसोक्त लोळला.

“आपलाच आहे,” मी म्हणाले.

नणंदेचा चेहरा पडला, पण घटकाभरच. “म्हंजे हळद लावून बसलाय व्हय? नवरदेव हाय म्हणा की!” तिनं भिंतीतल्या भोकाकडं बोट केलं. तिथं एक मादी काडी घेऊन आत शिरत होती. “अन् ती बघा, बिचारी घर बांधून राहिली, हे आपलं लोळून राहिलं. अगदी दादावानी!”

मला असं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं. किती महिन्यांनी हसले असेन.

नणंदेनं खुर्ची आणून ठेवली. “बसा. अजून लई नर हायेत तारेवर. एकेकाची चोच बघून सांगा, मी चहा टाकते.”

दुपारपर्यंत मी सांगत होते, हा आपला, हाही आपला.