तांबडीची साखर

प्रयोगशाळेतली बाई तोंडाची भलतीच फटकळ. लठ्ठ घोडे आजारी का पडतात, ते शोधायला घोड्यांच्या चरबीच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांना गुलाबी पाण्यातून खाणं द्यायचं, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, "आमची ही बिनशेपटीचे घोडे पाळते."

एक दिवस तांबडी घोडीला सांभाळणारा म्हातारा मोतद्दार दारात येऊन उभा राहिला. अंगावर चरबी चढून तांबडीचे पाय गेले, मग तीही गेली. तिची चिमूटभर चरबी तेवढी इथं जगत होती.

"एकदा बघू द्या."

"हा काय तबेला आहे?" बाई करवादली, पण स्वतःची खुर्ची देऊन तिनं त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पेशींमध्ये तेलाचे थेंब चमकत होते. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"खायला काय घालता?"

"साखर. बाकी थोडं मीठ, जीवनसत्त्वं."

त्यानं चटकन भिंगावरून डोळा उचलला. "साखरेसाठी फार हट्ट करायची हो. मला कधी नाही म्हणवलंच नाही. तुम्ही तरी तिचं ऐकू नका."

बाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिनं गिळलं.

"नाही ऐकणार," ती म्हणाली.