फोन कानाला लावलेली मुलगी

आळेफाट्यावर माझं केबलचं ऑफिस होतं, तेव्हा मी स्वतःला अख्ख्या तालुक्याचा सूत्रधार समजत असे. ग्राहकाच्या घरी वाढदिवस असला की संध्याकाळी आमच्या चॅनेलवर फोटो, मागे सनई, खाली शुभेच्छुकांची नावं. एकदा फोटो स्कॅन करून तारीख घातली, की दर वर्षी कॉम्प्युटर आपणहून तो लावायचा. लोकांना केवढं अप्रूप!

पण खरी गंमत फोटो लावण्यात नव्हती, काढण्यात होती. बांधावरून भांडण झालं की माणूस दुसऱ्या सकाळी हजर: "शुभेच्छुकांतनं चुलत्याला उडवा!" एक बाई म्हणाल्या, नवऱ्याचा फोटो राहू द्या, वय तेवढं काढा. "त्याच्यावरनं माझं कळतंय की राव!" मी प्रत्येकाला खुर्चीत बसवायचो, बाह्या सरसावायचो, बोट हवेत गरगर फिरवून बटणावर आपटायचो. "गेलं! आता ब्रह्मदेव आला तरी सापडायचं नाही." लोक खूश.

बोरी बुद्रुकचा एक ग्राहक आला, तेव्हाही मी बाह्या सरसावल्याच.

"पोरीचा फोटो काढून टाका."

"का हो भाऊ, मामाशी वाजलं का?"

"पोरगी गेली. तापानं."

पडद्यावर ती आली. झालरीचा फ्रॉक, स्टुडिओतला लाल खोटा फोन कानाला, पलीकडून कुणी तरी गंमत सांगतंय असं हसू.

"फुडच्या महिन्यात वाढदिस हाय," तो म्हणाला. "टीव्हीवर आवचित ही समोर आली, तर तिची आई न्हाई जगायची."

घरातला फोटो त्यानं तिच्या कपडे-दप्तराबरोबर कुकडी नदीत सोडला होता. मी बोट न फिरवता बटण दाबलं. तो वाकून बघत होता.

"परत शोधून दाखवा."

शोधलं. कुठंच नव्हतं. त्यानं मान हलवली आणि गेला.

वाढदिवस होऊन गेल्यावर तो पुन्हा दारात उभा राहिला. चप्पल काढून आत आला, जसं काही देवळातच.

"असंल का वो कुठं?"

मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली.

"तिची आई रोज त्या टायमाला टीव्हीफुडं बसती. दुसऱ्यांची पोरं बघती. वाढदिसाला म्हणली, आपली का न्हाई लागली? आता म्हणती, मला तिचं त्वांड आठवंना झालंय. स्टुडिओवाल्याकडंबी जाऊन आलो. त्यानं दुकान मोडलंय."

मला ठाऊक होतं, काही सापडणार नाही. तरी मी बसलो. एकेक फोल्डर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. भुवया ताणल्या, "थांबा हं" म्हणालो, वायरी हलवल्या. आयुष्यभर नाटकं केली, पण असं लांबवलेलं एकही नव्हतं. पडदा पाडायचा कसा तेच सुचेना.

शेवटी त्यानंच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. तवा मी हितंच बसलो व्हतो ना. तुमी नीट काढला व्हता."

चप्पल घालताना त्यानं मागं वळून विचारलं, "आज कुणाचा फोटो हाय?"

"आळे गावातल्या एका मुलीचा."

"जरा मोठा लावा," तो म्हणाला. "ती बघत असती."