पेचकसानं ऐकलेली डिस्क

यंत्र आजारी पडण्याआधीच त्याची नाडी ओळखणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. कमलनगरात त्यांनी तीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त केल्या. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेरिंग गेलंय. आठ दिस काढंल." नवव्या दिवशी अशी मोटार चालल्याचं मला तरी ठाऊक नाही. लेकीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी दारात थांबलेल्या मोटरसायकलचा आवाज ऐकूनच परत पाठवलं होतं. "गाडीला वेळेवर तेल घालंना, पोरगी काय सांभाळतोय!"

पुढं लेक अमेरिकेला गेली, तेव्हा त्यांनी ओसरीवर कॅमेरा लावला आणि कपाटात त्याचं चित्रण साठवणारा एक लहानसा, कधीच बंद न करायचा कॉम्प्युटर बसवला. अक्का, म्हणजे त्यांची बायको, सकाळी सूप घेऊन ज्वारी निवडायला बसायची आणि लेक तिकडून बघायची. एका उन्हाळ्यात हार्डडिस्क जळाली. साठवलेल्या चार महिन्यांच्या सकाळी तिच्याबरोबर गेल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की अक्काचे फार दिवस उरले नाहीत. साडू एवढंच बोलले, "आता एक बी सकाळ जाऊ द्यायची न्हाई."

नवी डिस्क घ्यायला बिदरच्या दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. खोक्यांवर सोनेरी अक्षरांत पराक्रम छापलेले. साडूंनी ते वाचलेही नाहीत. सहा डिस्क चालू करायला लावल्या, भाकरी सोडून दिवसभर तिथंच ठाण मांडलं, तासातासाला तळहातानं ताप बघितला आणि शेवटी पेचकस काढला.

"अण्णा, हार्डडिस्क हाय ती, बैल न्हाई!" दुकानदार म्हणाला.

"व्हय. बैल दमला तर बसतो तरी."

"मग ही मोठी कामून नको?"

"लय पळायलीय, लय तापायलीय. मला शर्यतीला न्हाई, मोटंला जुंपायचीय."

घेतली ती सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत गार.

दिवाळीआधी अक्का गेली. लेकीला पोचायला दोन दिवस लागले. तिनं ओळीनं सगळ्या सकाळी पाहिल्या; एकही गळाली नव्हती. पण कॅमेऱ्याला आवाज नव्हता. साडूंनी कपाट उघडलं, पेचकस डिस्कला टेकवला आणि मूठ लेकीच्या कानाशी धरली. मग माझ्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी आतून हलकी, थांबत थांबत सळसळ येत होती, सुपात ज्वारी घोळवावी तशी.