तेलात ठेवलेला ठसा

मुद्देमालाला सील करायच्या लाखेचा वास आला की ती केस आजही माझ्यासमोर येऊन उभी राहते.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यत जिंकणाऱ्यांना ग्रामदैवताचा मुखवटा उठवलेलं चांदीचं नाणं देत. त्या वर्षी एका गाडामालकाने बैलाच्या गळ्यात बांधायला नाण्याला भोक पाडलं, तर आतून तांबं निघालं. तो तडक ठाण्यात आला. "माज्या बैलाची इज्जत काढली राव यांनी," म्हणाला आणि नाणं टेबलावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी यात्रा कमिटीच्या खजिनदाराचा फोन आला. नाणी नेहमीप्रमाणे जुन्नरच्या चाचांकडून पाडून घेतली आणि ठसाही त्यांच्याकडेच आहे, अशी टीप त्याने दिली. चाचा म्हणजे पोलादावर ठसे कोरणारे म्हातारे कारागीर. आम्ही पंचनामा करून त्यांचा ठसा जप्त केला, त्यांना अटक केली आणि कोर्टातून चार दिवसांची कोठडी मिळवली. भर बाजारातून त्यांना जीपमध्ये बसवलं होतं.

चौकशीत चाचांचं एकच म्हणणं. "साहेब, यंदा मला कामच दिलं न्हाई. नाणं बघा तरी. देवाच्या गालावर पुरळ हाय. माजा ठसा तेलात असतो, त्याचं नाणं आरशावानी उठतं. गंजल्या ठशाला खड्डे पडत्यात, तेच नाण्यावर दाणे व्हऊन येत्यात."

"शिकवू नका मला," मी ओरडलो. आरोपी बोलायला लागला की तो पळवाटच काढतो, अशी माझी पक्की समजूत होती. लाज वाटते आता.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी जोडीनं ठसे कोरले व्हते. दुसरा देवळात हाय. दर यात्रेला त्याला पाण्यानं आंघोळ घालत्यात, हळद-कुंकू लावत्यात. मी लई सांगितलं, लोखंडाला तेल लावा, पाणी नको. पण देव म्हणल्यावर कोन ऐकतंय?"

निव्वळ त्यांचं तोंड बंद करायला मी देवळातला ठसा मागवला. पंचांसमोर हवालदाराने सीलची लाख वितळवून कागदावर दोन ठिकाणी ओतली आणि दोन्ही ठसे दाबले. चाचांच्या ठशाखालची लाख गुळगुळीत, चकचकीत. देवळातल्या ठशाखाली देवाच्या गालावर दाणेच दाणे, अगदी नाण्यावर होते तिथेच.

देवळातल्या पेटीची किल्ली खजिनदाराकडे असायची. आम्ही ती लाख त्याच्यापुढे ठेवली. देवळातल्या ठशावर तांब्याची नाणी पाडून त्यांना चांदीचं पाणी दिल्याचं त्याने कबूल केलं. "साहेब, येवढं बारीक कोन बघतंय, असं वाटलं व्हतं," म्हणाला. ऐकून मलाच शरमल्यासारखं झालं. कारण मीही पाहिलं नव्हतं. ती लाख पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर होती.

चाचा सुटले. पण त्यांना जीपमध्ये बसताना सगळ्या बाजाराने पाहिलं होतं, सुटताना कोणी पाहिलं नाही. यात्रा कमिट्यांनी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. मी दोन-तीन गावांत स्वतः जाऊन सांगितलं. लोक चहा पाजत, "व्हय साहेब" म्हणत आणि काम दुसरीकडे देत.

त्या केसने मला एवढं शिकवलं की सगळ्यात आधी टीप देणाऱ्याला सगळ्यात आधी तपासावं, आणि माणूस आपल्या हातच्या कामाबद्दल बोलत असेल तर गप्प बसून ऐकावं. पण माझ्या या शिकण्याची किंमत चाचांनी मोजली.

निकाल लागायला काही वर्षं गेली. कोर्टाच्या हुकुमाने चाचांचा ठसा परत करायचा होता. तो घेऊन मी स्वतः जुन्नरला गेलो. त्यांनी सील फोडलं, कापड सोडलं आणि ठशावरून अंगठा फिरवला. मुद्देमालाच्या खोलीत त्याला तेल कोण लावणार? ते मलाही सुचलं नव्हतं.

चाचा रागावले नाहीत. अंगठ्याला लागलेला तांबडा गंज त्यांनी मला दाखवला.

"साहेब, आता ह्याच्यातून बी पुरळच उठंल."

मी माफी मागितली. त्यांनी ठसा परत कापडात गुंडाळला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.